जयसिंगराव, वय वर्षे तेवीस

धार, सोमवार, ४ जानेवारी १९८२

बाबांना कुणीतरी नव्या वर्षाची डायरी भेट दिली. बाबा देवासला नोटांच्या छापखान्यात आहेत. तिथलं काही घरी बोलायचं नाही आणि लिहून तर मुळीच ठेवायचं नाही, याची त्यांना इतकी सवय झालीय की कोरी डायरी बघूनसुद्धा ते दचकले. म्हणून ती माझ्याकडे आली.

तर मी विद्युल्लता. वय एकवीस, बी.ए., दुसरा वर्ग. शाळा सगळी हिंदीतून झाली, त्यामुळे या डायरीत ऱ्हस्व आणि दीर्घ यांना समान हक्क राहतील.

आमचं घर देवासला, पण मी राहते धारला, सुभद्राआत्याकडे. गेल्या श्रावणात आत्या अंगणात घसरून पडली, पाय मोडला आणि बाबांनी मला दोन महिन्यांसाठी तिच्या दिमतीला धाडलं. पाय केव्हाच जुळला. मी मात्र हललेले नाही, कारण गल्लीत समोरच जयसिंगरावांचं काचेचं दुकान आहे.

जयसिंगकाका सदुसष्ट वर्षांचे. त्यांचे आजोबा दरबारच्या खिडक्यांना रंगीत काचा बसवायचे. आता दरबार नाही, पण काका स्वतःला अजून 'आम्ही' म्हणतात. पोटासाठी देवांच्या तसबिरी मढवतात, आरसे कापतात, आणि मनात आलं की रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून चित्रं करतात. ती विकत नाहीत. मी आधी नुसती बघायला जायचे. मग फडकं मारायला लागले. मग एक दिवस त्यांनी माझ्या हातात हिरकणी दिली, म्हणजे काच कापायची कलम, आणि म्हणाले, "बिजली, रेघ एकदाच ओढायची. त्याच रेघेवरून परत गेलीस तर काच रुसते." विद्युल्लता म्हणायचा त्यांना कंटाळा, म्हणून मी बिजली.

आत्याबद्दल माझी एकच तक्रार. मुळा. आठवड्यातून चार दिवस मुळ्याची भाजी. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहिते. डायरी उशीखाली.

गुरुवार, ७ जानेवारी

तीन दिवसांत मुळा नाही. आज वाटाण्याची उसळ होती. आत्या म्हणाली, "मुळ्यानं तुझं तोंड उतरतं हल्ली." ही बाई माणसाचा चेहरा पुस्तकासारखा वाचते.

शनिवार, १६ जानेवारी

काचांच्या मध्ये घालायला काका रद्दी आणतात. आज पाच आरसे गुंडाळताना एका पानावर जाहिरात दिसली. बडोद्यात एक नवीन कलाशाळा निघालीय आणि तिथे काचकलेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जागा आठ. अर्जासोबत स्वतः केलेलं एक काम पाठवायचं. शेवटची तारीख वीस फेब्रुवारी. मी आरसा गुंडाळायचा थांबवून तारीख तीनदा वाचली.

काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "काच शाळेत शिकवणार? मग पोहणं पाटीवर शिकवत असतील."

"पण काका, तिथे भट्टी असेल, मोठे मोठे मास्तर असतील..."

"असतील. दोन वर्षांनी तू तेच करशील जे आत्ता करतेस. फक्त एक कागद मिळेल. आणि तो मढवायला इथेच आणशील."

खरंय. आणि खरं नाहीही. मी दिवसभर विचार केला. काकांना येतं ते सगळं मला शिकवतायत, मग शाळा कशाला? उलट, काकांना येत नाही ते काय काय असेल, हेच मला माहीत नाही. शिवाय बाबांचं पत्र आलंय. जूनमध्ये टायपिंगची परीक्षा द्यायची, मग सरकारी नोकरी. बाबांच्या पत्रात 'स्थैर्य' हा शब्द तीनदा आला आहे.

शुक्रवार, २९ जानेवारी

माझं स्वतःचं पहिलं मोठं काम चालू आहे. कोंबडा. अंग झालं, शेपूट झाली, तुरा होत नाही. तुऱ्याचे लाल तुकडे चार वेळा कापले, चार वेळा मोडून टाकले. काका बघून म्हणाले, "बरा आहे."

बरा! आत्याच्या मुळ्यालासुद्धा मी बरा म्हणते.

शनिवार, ६ फेब्रुवारी

मला एक झकास कल्पना सुचलीय. लिहिताना हसू येतंय.

प्रश्न असा की ती बडोद्याची शाळा खरंच काही कामाची आहे का? ते ओळखायचं कसं? सोपं आहे. त्यांच्याकडे जयसिंगकाकांचं काम पाठवायचं! काकांनी केलेला नीळकंठ दुकानात वरच्या फळीवर आहे. बाभळीच्या फांदीवर बसलेला पक्षी, खाली हिरवं, आणि पंखात असा निळा की उजेड आला की भिंतीवरसुद्धा पक्षी बसतो. त्याला त्यांनी नाही म्हटलं, तर शाळा मठ्ठ आणि मला जायची गरज नाही. हो म्हटलं, तर शाळा चांगली.

आणि मग? मग बघू.

माझा कोंबडा का नाही पाठवत? कारण तुरा झालेला नाही. शिवाय तपासायचं शाळेला आहे, मला नाही.

सोमवार, ८ फेब्रुवारी

मोहीम फत्ते!

काका दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा नीळकंठ आत्याच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून उचलला. मिठाईच्या दुकानातून लाकडी खोका आणला, त्यात गव्हाचा भुसा भरला. अर्ज इंग्रजीत. नाव : जयसिंगराव. वय : तेवीस. व्यवसाय : विद्यार्थी. सदुसष्ट लिहिलं असतं तर कुणी उघडूनसुद्धा बघितलं नसतं. पत्ता दुकानाचाच दिला, म्हणजे सगळं अस्सल वाटेल.

पोस्टात काच नेली असती तर त्यांनी शिक्के मारूनच तिचा चुरा केला असता. पण बडोद्याची बस रोज धारवरूनच जाते. कंडक्टरला गाठलं.

"बाई, ई में कंई है?"

"कांच है भिया. बच्चे जैसा गोद में रखना."

"गोद में रखूँगा तो टिकट कौन काटेगा?"

शेवटी खोका त्याने आपल्या सीटखाली ठेवला आणि शाळेच्या माणसाच्या हातात द्यायचं कबूल केलं. बस गेली. मी परत येताना उड्या मारत आले. दुकानाशी पोचल्यावर मात्र वरची फळी दिसली, आणि उड्या थांबल्या.

बुधवार, १० फेब्रुवारी

आज चहा गाळता गाळता आत्या म्हणाली, "काचेच्या सामानाला गव्हाचा भुसा नको गं, बसतो तो. पेंढा घालावा."

मी म्हटलं, "कुठल्या सामानाला?"

"असंच. लोणच्याच्या बरण्यांचं म्हणतेय."

या दिवसांत लोणचं? म्हातारपणी माणसं कुठूनही कुठे जातात. मी डायरी आता तांदळाच्या डब्यात ठेवते. उशीखाली टोचते.

बुधवार, ३ मार्च

काकांना कळलं. म्हणजे, नीळकंठ नाही हे कळलं. आधी त्यांना वाटलं मांजर. मग वाटलं आपणच कुठे ठेवला. सगळी फळी उतरवली, एकेक काच पुसून परत लावली. मी मदत केली. काय करणार?

मी म्हटलं, "काका, दुसरा करू. मी आहे ना."

ते म्हणाले, "दुसरा होत नाही. तो निळा आमच्या आजोबांच्या वेळचा. दरबारातली निळ्या काचेची हंडी फुटली, तिचे तुकडे त्यांनी घरी आणले. शंभर वर्षं पुरवून पुरवून वापरले. शेवटचा तुकडा त्या पंखात गेला."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बसून राहिले, आणि एका गिऱ्हाइकाचा आरसा दोन बोटं लहान कापला. काकांनी! मी त्यांना असं चुकताना कधी बघितलं नव्हतं.

रात्रीचं जेवण गेलं नाही. बडोद्याला पत्र टाकू का? काय लिहू? 'विद्यार्थी जयसिंगराव यांना त्यांचा पक्षी परत हवा आहे'?

गुरुवार, ४ मार्च

सकाळी ठरवलं की काकांना सगळं सांगायचं. दुकानात गेले तर आत्या आधीच तिथे! फुटका आरसा घेऊन बसली होती. मला म्हणाली, "तू घरी जा, दूध उतू जाईल." घरी आले. दूध कुठेच ठेवलेलं नव्हतं.

दुपारी काकांकडे गेले तर ते गुणगुणत होते. नीळकंठाचं नावही काढेनात. दुःख विसरले वाटतं. मग मीही कशाला जखमेवरची खपली काढू?

रविवार, १४ मार्च

रंगपंचमी. सगळी गल्ली लाल-पिवळी. आत्या आणि काका ओसरीवर बसून हसत होते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी जवळ गेले तर दोघं गप्प. काका म्हणाले, "आज हवा छान आहे." आत्या म्हणाली, "फार छान."

नक्कीच माझं लग्न ठरवतायत. मागे आत्याकडे खातेगांवचं एक स्थळ आलं होतं. सोयाबीन आहे, ट्रॅक्टर आहे, मुलाला म्हणे गाण्याची आवड आहे. मी सोयाबीनवर काही बोलणार नाही. पण कोंबडा अर्धा टाकून मी कुठेही जाणार नाही.

मंगळवार, ६ एप्रिल

मेले!

पोस्टमन दुकानाशी येऊन म्हणाला, "काकासाब, अंग्रेजी में आया है." काकांना इंग्रजी येत नाही. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "वाच बिजली."

वाचलं. निवड समितीला आपलं काम अतिशय आवडलं. इतक्या लहान वयात असा हात विरळा. २३ एप्रिलला सकाळी दहा वाजता मुलाखतीला यावं, हत्यारं सोबत आणावीत.

म्हणजे शाळा चांगली आहे! आधी एवढा आनंद झाला. मग काका समोर उभे आहेत हे आठवलं.

"कुणाचं आहे?"

"कारखान्याचं," मी म्हटलं. तोंड आपोआप चालतं माझं. "बडोद्याला एक काचेचा कारखाना आहे. त्यांनी तुमचं नाव ऐकलंय. एकदा भेटायला या म्हणतात."

"आमचं नाव? बडोद्यात?"

"हो ना. कीर्ती."

"कीर्ती," ते म्हणाले, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "कधी बोलावलंय?"

"तेवीस एप्रिल. पण लांब आहे, ऊन आहे, तुम्ही कशाला..."

"छे छे. जाऊ की. तेवीस आकडा आम्हाला लाभतो असं दिसतंय. तूही चल. इंग्रजी कोण बोलणार?"

तेवीसचं काय ते मला कळलं नाही. पण जाणं आलं. माझा एकच बेत आहे. काकांना बाहेर बसवायचं, आत जाऊन माफी मागायची, नीळकंठ घ्यायचा आणि कारखाना बंद पडला म्हणून सांगायचं.

सोमवार, १९ एप्रिल

काका भलतेच उत्साहात आहेत. नवीन धोतर काढलंय. आज विचारतात, "त्या कारखान्यात काम करून दाखवायला लावत असतील, नाही का गं?"

"तुम्हाला कशाला लावतील काका?"

"आम्हाला नाही. पण कुणालातरी. तू तुझी हिरकणी घे. आणि कोंबडाही घे."

"कोंबडा कशाला?"

"प्रवासात सोबत."

आत्याने दशम्या, लसणाची चटणी आणि माझी बरी साडी काढून ठेवली. कारखान्यात जायला बरी साडी!

धार, रविवार, २५ एप्रिल

परवाचं सगळं नीट लिहायचंय. हात दुखला तरी चालेल.

गुरुवारच्या बसने निघालो. दाहोद, गोध्रा करत संध्याकाळी बडोद्याला उतरलो आणि धर्मशाळेत राहिलो. शुक्रवारी सकाळी शाळा. जुन्या गोदामाची केलीय, उंच खिडक्या, आत थंड. मी काकांना म्हटलं, "तुम्ही इथे बाकावर बसा, मी आत जाऊन साहेब आहेत का बघते." काका म्हणाले, "बरं." मी दार ढकललं, आणि माझ्या मागोमाग काकाच आत.

टेबलामागे एक बाई होत्या, पन्नाशीच्या, पांढरे केस कापलेले. सुनेत्राबाई, काचविभागाच्या प्रमुख. मागच्या खिडकीत आमचा नीळकंठ. उजेड त्यातून येत होता आणि बाईंच्या कागदांवर निळं पडलं होतं. मला रडूच आलं, त्याला धड बघून.

"जयसिंगराव कोण?" बाईंनी मराठीतच विचारलं.

"आम्ही," काका म्हणाले.

बाईंनी अर्ज बघितला, काकांकडे बघितलं, परत अर्ज. "इथे वय तेवीस आहे."

"तेवीस खरं. पुढची मोजायची सोडून दिली." मग त्यांनी मला पुढे ढकललं. "बाई, काम आमचं. अक्षर हिचं. चोरीही हिचीच. पण अर्जदार कोण असायला हवा होता ते दाखवायला म्हणून हिला घेऊन आलो."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! कधीपासून? तो बसचा कंडक्टरच बोलला असणार. गोद में रख म्हटलं होतं त्याला, गावभर सांग नव्हतं म्हटलं.

मला वाटलं आता बाई हाकलणार. त्या हसल्याही नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "तुझं काम का नाही पाठवलंस?"

"तुरा झाला नव्हता."

"आणि?"

"शिसं संपलं होतं. आणि मला शाळेची परीक्षा घ्यायची होती. आणि तारीख जवळ आली होती..."

"आणि?"

"आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

हे तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. काका खिडकीतून बाहेर बघायला लागले, जणू तिथे काही चाललंय.

बाईंनी माझ्यापुढे काच ठेवली. पानाचा आकार काप, आत वळणारी बाजू असलेला. तेच सगळ्यात अवघड, काच आत वळायला तयार नसते. पहिली तडकली. मी काकांकडे बघितलं. ते बघेचनात. दुसरी घेतली, रेघ एकदाच ओढली, खालून टकटक केलं. पान सुटलं. बाईंनी कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

मग त्यांनी काचेच्या टेबलाखाली दिवा लावला, रंगीत तुकड्यांची पेटी दिली आणि म्हणाल्या, "तुला हवं ते मांड." मी अर्धा तास मांडत होते. डोंगर, झाड, वर आभाळ. मला वाटलं सुंदर झालं. बाई उठल्या, नीळकंठ खिडकीतून काढला आणि माझ्या मांडणीशेजारी ठेवला.

खाली हिरवं. उजव्या कोपऱ्यात निळं. मधून पिवळी बारीक रेघ. पक्षी सोडून सगळं तेच. मग त्यांनी माझा कोंबडा पिशवीतून काढला, गेल्या आठवड्यात एकदाचा तुरा बसलेला. खाली हिरवं, उजवीकडे निळी शेपूट, मधून पिवळी रेघ.

"हात तुझा आहे," त्या म्हणाल्या. "डोळा यांचा आहे."

मला इतका राग आला! कारण ते खरं होतं.

त्यानंतर त्यांनी आम्हाला मागची भट्टी दाखवली. पत्र्याची शेड, एप्रिलचा महिना, त्यात भट्टी. भट्टीवरच्या माणसाने लांब लोखंडी नळी आत घातली, फिरवली आणि बाहेर काढली. टोकाला नारिंगी गोळा. तो लोंबायला लागला, गुळाच्या पाकासारखा. माणूस नळी फिरवत राहिला, फुंकर मारली, आणि गोळा आतून फुगला.

काका पुढे गेले. मी त्यांच्या कोपराला धरून ठेवलं. त्यांनी कुणाला काही न विचारता पायातल्या वहाणा काढल्या, देवळात काढतात तशा. तो माणूस ओरडला, "काका, चप्पल पहनो! नीचे कांच है!" काकांना ऐकूच गेलं नाही. मी खाली बसून त्यांचे पाय उचलून वहाणांत घातले, एकेक. ते गोळ्याकडेच बघत होते. चेहऱ्यावर सगळा नारिंगी उजेड. सदुसष्ट वर्षांचा माणूस असा दिसेल असं मला वाटलं नव्हतं.

निघताना सुनेत्राबाई म्हणाल्या, "आठातली एक जागा तुझी. पण पहिले सहा महिने हिरवा, निळा, पिवळा बंद."

"मग वापरू काय?"

"ते तू शोध." काकांना म्हणाल्या, "तुम्ही डिसेंबरात आठवडाभर याल का? मुलांना कापणं शिकवायला. आमच्याकडे असं कुणी कापत नाही."

काका म्हणाले, "विचार करू." नीळकंठ मी उचलायला गेले तर म्हणाले, "राहू दे इथेच. पोरगी शिकून बाहेर पडली की तिच्याच हाती धाडा."

"मी येणार असं कुठे म्हटलंय?" मी म्हटलं. काका तोवर दाराबाहेर पडले होते.

बसमध्ये गोध्र्यापर्यंत काकांच्या हातात दशमी तशीच. मग एकदम म्हणाले, "मला वाटायचं, काच जन्माला येते तीच कडक. साठ वर्षं तिला कापतोय. ती वाहते हे ऐकून होतो गं, पण बघितलं नव्हतं."

मी चटणीची पुडी त्यांच्यापुढे धरली.

"माझ्याकडे राहिलीस तर तू दुसरी 'आम्ही' होशील. आम्ही एक पुरे आहोत."

"पण मला नाही जमलं तर? आणि दुकान? तुम्हाला फडकं कोण मारून देणार?"

"मांजर," काका म्हणाले, आणि दशमी खायला लागले.

दाहोदच्या पुढे मी खिडकीकडे तोंड करून रडले. का ते नक्की माहीत नाही. ऊन फार होतं.

देवास, रविवार, २ मे

बाबांना सांगायला आले. काल दिवसभर धीर झाला नाही. आईला सांगितलं. आई म्हणाली, "मला आत्याचं पत्र आलंय. बाबांना तूच सांग." आत्याला कुणी सांगितलं देव जाणे.

आज सकाळी बाबा पेपर वाचत होते. गॅलरीतून टेकडी दिसते, वर देवीला चाललेली माणसं मुंग्यांएवढी. मी आधी एक गोष्ट रचून ठेवली होती. बडोद्याला सरकारी शिष्यवृत्ती मिळालीय, मग सरकारी नोकरी, मग स्थैर्य वगैरे. मग ती टाकून दिली आणि घडलं तसं सांगितलं. चोरीसकट. काहीही न बनवता इतका वेळ बोलायची मला सवय नाही, मध्येच दम लागला.

बाबा पेपरमागे. मला वाटलं संपलं. मी सांगत राहिले, "आणि त्या बाईंनी नीळकंठ माझ्या कामाशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, ही नक्कल आहे."

पेपर खाली आला.

"किती वेळात ओळखलं?"

"पाच मिनिटं लागली नसतील."

"भिंग होतं?"

"नाही. नुसत्या डोळ्यांनी."

"उजेडावर धरून?"

"हो. खाली दिवा होता."

बाबा उठले. गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या. त्यांच्या कामाबद्दल ते एक अक्षर बोलत नाहीत, आजही बोलले नाहीत. पण मी एकवीस वर्षांत त्यांच्या तोंडावर असा आदर फक्त आरतीच्या वेळी बघितलाय.

"नुसत्या डोळ्यांनी," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला, "अशा माणसाच्या हाताखाली राहायला मिळत असेल तर जावं."

"आणि टायपिंग?"

"परीक्षेचा फॉर्म भरून ठेव. स्थैर्य असावं."

आई आत जाऊन शिरा करायला लागली.

धार, शुक्रवार, २१ मे

बडोद्याहून प्रवेशाचे कागद आले. कालपर्यंत माझं ठरत नव्हतं. आठ दिवसांत तीनदा जाणार म्हटलं आणि तीनदा नाही म्हटलं. जाणार म्हटलं की फडकं मारणारं मांजर आठवतं, नाही म्हटलं की दुकान एवढंसं दिसायला लागतं. आज सकाळी कोंबड्याची सगळी हिरवी, निळी, पिवळी काच सोडवून काढली. उरला लाल तुरा, आणि खाली भोक. काय घालावं कळेना. दोन तास त्या भोकातून गल्ली बघत बसले. आणि मला ते बसणं आवडलं. म्हणून जाणार.

कागदांत एक पान होतं, 'पूर्वीच्या शिक्षकाचे मत'. काकांकडे नेलं. ते म्हणाले, "आम्ही सांगतो, तू लिही. आमच्या नावानं लिहायची तुला सवय आहे."

मी पेन घेऊन बसले. काका आरसा कापत कापत सांगत होते.

"सदर मुलगी आमच्याकडे दहा महिने होती. तिने आमचे काम चोरले, आमचे वय चव्वेचाळीस वर्षांनी कमी केले आणि आम्हाला कारखान्याच्या नावाखाली परगावी नेले."

"काका!"

"लिही. हात स्थिर आहे. जीभ स्थिर नाही. चहा फार पिते. काच फुटली की काचेवर रागावते, हे वाईट. पण लगेच दुसरी घेते, हे चांगले. वळणदार कापणे आम्हाला हिच्या वयात जमत नव्हते, ते तिला आत्ताच जमते." इथे ते थांबले. आरशावरून रेघ ओढली, एकदाच, आणि काच दोन भागांत सुटली. "डिसेंबरात आम्ही येत आहोत. भट्टी चालू ठेवावी."

"झालं?"

"एक राहिलं. लिही. पोरगी घरची आठवण काढील, रडेल, पळून यायला बघेल. दोन वर्षांच्या आत परत धाडू नये."

मी म्हटलं, "काका, शिफारशीत असं लिहीत नाहीत."

ते म्हणाले, "बाईंना कळेल." आणि आरशाचे दोन्ही तुकडे उचलून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी लिहिलं. फक्त चहाचं वाक्य गाळलं.